मोगऱ्याला कात्री लावायची की सासूबाईंचं ऐकायचं?

पत्र

नमस्कार ताई,

मी पुण्यात कोथरूडला राहते, तिसरा मजला, दक्षिणेकडे तोंड असलेली बाल्कनी. वसंत पंचमी होऊन गेली, समोरच्या बाल्कनीत पिटुनिया आणि डेलियाचा नुसता पूर आलाय, आणि आमच्याकडे मोगरा म्हणजे हिरवागार पाला, कळी एक नाही. गेल्या उन्हाळ्यातही अख्ख्या सीझनमध्ये मोजून दहा-बारा फुलं आली असतील. हा मोगरा सासूबाईंनी वरूडहून, त्यांच्या माहेरून आणलेला आहे (त्यांच्याकडे संत्र्याची बाग होती), त्यामुळे त्यांचा जीव आहे त्याच्यावर. रोज सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी, चहाचा चोथा, आणि मिस्टर मधूनमधून युरियाचे चार दाणे टाकतात. मी सगळीकडे वाचलं की छाटणी करा, पण आई कात्री पाहिली तरी चिडतात, हिरव्या झाडाला हत्यार लावू नये म्हणतात. पुढच्या आठवड्यात त्या नणंदेकडे जाणार आहेत, तेव्हा गुपचूप छाटून टाकू का? चैत्रात हळदीकुंकू आहे, घरच्या मोगऱ्याचे गजरे द्यायची फार इच्छा आहे. शिवाय लेकीने काश्मीर ट्रिपनंतर ऑनलाइन ट्यूलिपचे कांदे मागवले होते, पाचातले दोन फुलले, तेही आखूड दांड्याचे. आता पानं पिवळी पडतायत. ते कांदे फ्रीजमध्ये ठेवले तर पुढच्या वर्षी येतील का?

– पाल्याची मालकीण, कोथरूड

उत्तर

अहो ताई, आधी ते गुपचूपचं काढून टाका डोक्यातून. झाड छाटायला लागतातच पाच मिनिटं, पण आई नणंदेकडून परत येऊन बाल्कनीत गेल्या आणि तिथे फूटभर खुंट दिसले तर ते प्रकरण पुढच्या चैत्रापर्यंत चालेल, आणि फुलं आली तरी ती "माझं झाड तोडून आणलेली" फुलं होतील. मला तर वाटतं तुमच्या घरात या विषयातलं सगळ्यात जास्त ज्ञान आईंनाच आहे, फक्त त्यांना तसं कोणी विचारलेलं नाही.

वरूड म्हणजे संत्र्याचा पट्टा. त्या भागात वाढलेल्या माणसाला ताण देणं म्हणजे काय हे तुम्ही-आम्ही सांगायची गरज नाही. आंबिया बहार (म्हणजे थंडी सरताना येणारी फुलं) धरायचा असेल तर थंडीत बागेचं पाणी तोडतात, जमीन भारी असेल तर चांगला महिना-दीड महिना, झाड मलूल दिसायला लागतं, पानं गळतात, बघणाऱ्याला वाटतं गेली बाग, आणि मग जानेवारीत खत घालून पाणी सोडलं की फुलांनी लगडते. पाणी तोडलं नाही तर संत्रं नुसतं पालवत राहतं. लिंबाचं, डाळिंबाचं तेच. मोगऱ्याचंही जवळपास तेच आहे. तुमच्या झाडाला दिवसातून दोनदा पाणी मिळतंय आणि वरून युरिया, म्हणजे नत्र, म्हणजे पाला. त्याला फुलायचं काही कारणच उरलेलं नाही, मजेत आहे ते.

तेव्हा आज संध्याकाळी चहाच्या वेळी आईंना नुसतं विचारा, "आई, तुमच्याकडे संत्र्याला ताण कसा द्यायचे हो?" आणि मग गप्प बसून ऐका. मोगऱ्याचं नाव लगेच काढू नका. माझा अंदाज आहे की अर्ध्या तासात त्या स्वतःच कुंडीकडे बघतील. नाहीच बघितलं तर पुढचा मुद्दा असा, की सध्या गाडीने कुठेही घाटाकडे निघालात तर पांगारा, काटेसावर, पळस सगळे फुलावर आहेत नाहीतर येतायत, आणि तिघंही आधी पानं झाडून मोकळे होतात आणि उघड्या फांद्यांवर फुलतात. हे आईंनी आयुष्यभर बघितलंय. मोगरा स्वतःहून तेवढी पानं टाकत नाही आणि कुंडीत तर नाहीच नाही, म्हणून आपण मदत करतो, एवढंच. "हिरव्या झाडाला हत्यार लावू नये" ही भावना वाईट नाहीये हो, ती जंगलातल्या आणि बांधावरच्या झाडांसाठी अगदी बरोबर आहे, पण मोगरा हे छाटणीवर फुलणारं झाड आहे कारण त्याच्या कळ्या नवीन फुटीच्या टोकाला येतात. जुन्या लांबलचक फांदीवर पानंच राहणार. नवीन फूट जेवढी जास्त तेवढी टोकं जास्त, टोकं जास्त तेवढ्या कळ्या जास्त, यात बाकी काही जादू नाही.

आणि एक गोष्ट करा, छाटलेल्या फांद्या टाकू नका. पेन्सिलपेक्षा थोड्या बारीक, अर्धवट पिकलेल्या, तीन-चार पेरांच्या काड्या निवडा, खालची पानं काढा, दोन पेरं मातीत जातील अशा खोचा आणि सावलीत ठेवा. पावसाळ्यात जास्त छान लागतात पण आत्ताही बऱ्यापैकी जगतात, माती ओलसर राहिली पाहिजे फक्त. वरूडच्या एका झाडाची चार झाली की आईंची तक्रार कुठल्या कुठे जाते बघा, आणि नणंदेकडे जाताना एक कुंडी घेऊनही जाता येईल पुढच्या वेळी.

आता कधी आणि कसं. तुम्हाला वाटतंय उशीर झाला कारण वसंत पंचमी गेली, पण पंचमी माघातली, आणि आपल्या पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. पंचमीपासून पाडव्यापर्यंतच पावणेदोन महिने असतात आणि चैत्रगौर तर पुढे अक्षय तृतीयेपर्यंत बसलेली असते. छाटणीपासून पहिल्या भराच्या फुलांना साधारण दीड ते दोन महिने धरा. म्हणजे या पंधरवड्यात कात्री लागली तर तुमचं हळदीकुंकू जमतंय, शक्यतो अक्षय तृतीयेच्या जवळचा दिवस ठरवा. डिसेंबर-जानेवारीत केलं असतं तर जास्त आरामात झालं असतं, पण ठीक आहे.

आजपासून पाणी बंद. शेतातल्यासारखा महिनाभर नाही, कुंडी लवकर सुकते, आठवडाभर पुरे, दुपारी पानं किंचित लोंबायला लागली की समजायचं झालं. मग सकाळी चांगली धारदार कात्री घ्या, भाजीची नको, तिने काडी चेचली जाते. वाळलेल्या, काडीसारख्या बारीक आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढा, उरलेल्या मातीपासून फूट-सव्वा फुटावर तोडा, जिथे दोन पानांची जोडी असते त्या पेराच्या जरा वर. झाड भकास दिसणार. दिसू द्या. बुंध्यातून एखादी चाबकासारखी लांब फांदी वेलासारखी वर गेली असेल (अशा फांदीला वर्षभर कळी येत नाही, नुसती पळत असते), तिलाही तेवढ्याच उंचीवर आणा, दयामाया नको.

कुंडी बदलू का हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण मला माहितीय पुढचं पत्र त्याचंच येणार. खालच्या भोकातून मुळं बाहेर आली असतील तर बदलायला हवीच, पण आत्ता नको, छाटणी आणि मुळं हलवणं एकदम केलं तर झाड आधी मुळं सावरत बसेल आणि तुमचा चैत्र हुकेल. ते जूनमध्ये करा, एक पाऊस पडला की. आत्ता फक्त वरची दोन-तीन इंच माती खुरप्याने हलक्या हाताने काढा, एक दिवस तसंच ऊन खाऊ द्या, मग त्या जागी जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत दोन-तीन मुठी, मूठभर निंबोळी पेंड, चमचाभर बोनमील, आणि मग खालून पाणी येईपर्यंत भरपूर पाणी. एकदाच. त्यानंतर बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. छाटल्यावर झाडाला पानंच नसतात तर ते पाणी पिणार कशाने, आणि नेमकं याच पंधरा दिवसांत प्रेमाने पाणी घालून मुळं कुजवली जातात. एप्रिलमध्ये पानं भरली की मात्र रोज लागेल.

युरिया बंद म्हणजे बंद. मिस्टरांना सांगा ते दाणे गावच्या उसाला बरे. चहाचा चोथा साखर-दूध धुऊन महिन्यातून एकदा टाकलात तर हरकत नाही, नाहीतर मुंग्या येतात आणि मुंग्यांबरोबर पांढरा पिठ्या ढेकूण येतो. तुरटीचं पाणी घाला असं तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलंच असेल, सगळ्यांच्याच येतं. त्यात तथ्य एवढंच आहे की तुरटी आम्ल असते, आणि आपल्याकडची काळी माती आणि बोअरचं जड पाणी अल्कधर्मी, त्यामुळे मोगऱ्याला लोह मिळत नाही आणि नवीन पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या अशी दिसतात. तसं दिसत असेल तर तुरटीपेक्षा सरळ हिराकस (फेरस सल्फेट) आणा, लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा. पण टाइल्सवर पडू देऊ नका, गंजाचे डाग पडतात आणि ते जात नाहीत, खाली जुना पेपर नाही तर गोणपाट पसरा. पानं नीट हिरवी असतील तर तुरटी नको आणि हिराकसही नको.

उन्हाचं मात्र मला खरंच टेन्शन आहे. तुमची बाल्कनी दक्षिणेची. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे खाली असतो म्हणून ऊन पार आत खोलीपर्यंत येतं आणि आपल्याला वाटतं वा काय ऊन आहे, पण उत्तरायणात तो वर वर सरकत जातो, एप्रिलमध्ये दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो, मेच्या मध्याला तर पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो, आणि त्यानंतर जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य चक्क किंचित उत्तरेकडे. म्हणजे बाहेर आग ओकतंय, पण वरच्या मजल्याच्या स्लॅबमुळे तुमच्या बाल्कनीच्या आतल्या बाजूला थेट ऊन शून्य. मोगऱ्याला किमान पाच-सहा तास थेट ऊन लागतं, नुसता उजेड नाही. गेल्या उन्हाळ्यात दहा-बाराच फुलं आली त्याचं अर्धं कारण हेच असणार. एखाद्या रविवारी घरात असाल तेव्हा दर तासाला डोकावून बघा पानांवर ऊन आहे का, आणि हे आत्ता एकदा, परत मार्चअखेर एकदा. कमी पडत असेल तर कुंडी अगदी कठड्याला चिकटवा, स्टुलावर उंच ठेवा, आणि सोसायटीच्या गच्चीवर परवानगी मिळत असेल तर एप्रिल-मे तिथेच पाठवून द्या. कठड्याच्या बाहेर लोंबती कुंडी मात्र नको हं, खालून लहान मुलं जातात.

सगळं जमलं तर छाटणीनंतर दोन आठवड्यांत पेरापेरातून पोपटी फूट दिसेल. आणखी तीन-चार आठवड्यांनी त्या फुटीची टोकं नीट बघा, शेवटच्या दोन पानांच्या बेचक्यात हिरवे बारीक टाचणीच्या डोक्याएवढे दाणे दिसतात, बहुतेक तीन एकत्र, आणि मधला आधी फुगतो. तो फुलून गेला की बाजूचे दोन. म्हणून फूल तोडताना नख लावून अख्खं टोक खुडू नका, फक्त मधली कळी घ्या. तिन्ही झाल्या की मग त्या टोकाला खालची दोन पानं धरून कात्री लावा, तिथून परत दोन फुटी येतात आणि महिन्याभरात दुसरा भर. असं पावसाळ्यापर्यंत चालू राहतं.

गजऱ्यासाठी कळ्या संध्याकाळी चार-पाचला काढा, पांढऱ्या, टपोऱ्या, पण मिटलेल्या. ओल्या मलमलच्या फडक्यात ठेवल्या की हळदीकुंकवाच्या वेळेला उमलायला लागतात आणि वासही तेव्हाच सुटतो. पण खरं सांगू का, बारा इंची एका कुंडीत तीस बायकांचे गजरे होणार नाहीत. पहिल्या भरात ओंजळभर कळ्या आल्या तरी झाड जिंकलं म्हणा. बायकांसाठी गजरे मंडईतून आणा, घरचा एक गौरीला आणि एक आईंना.

आणि आईंच्या तांब्याचं काय? हा मला छाटणीपेक्षा मोठा प्रश्न वाटतो. रोज सकाळी उठून झाडाला पाणी घालणं ही त्यांची सवय आहे, ती तोडायची नाहीये, दुसरीकडे वळवायची आहे. एक पसरट कुंडी घ्या आणि तिच्यात अळू लावा. अळूला पाणी कितीही चालतं, दोन वेळा तर आवडतं, आणि वडीची पानं घरात. जागा असेल तर शेजारी कर्दळ. "आई, अळू तुमचं, मोगऱ्याला मी बोट घालून बघते" अशी वाटणी करून टाका.

समोरच्यांच्या बाल्कनीकडे बघून खट्टू होऊ नका. पिटुनिया, डेलिया, पॅन्सी ही थंडीची झाडं, बहुतेक नर्सरीतून फुलावर असतानाच आणलेली असतात, होळीच्या आसपास ऊन चढलं की माना टाकतात आणि मे महिन्यात त्या कुंड्या रिकाम्या असतात. छान दिसतात, मलाही आवडतात, पण हिशोब वेगळा आहे. तुमचा हंगाम त्यांचा संपल्यावर सुरू होतो.

आता ट्यूलिप. लेकीला रागावू नका, पाचातले दोन पुण्यात फुलले हे काही वाईट नाही. ट्यूलिप मुळात मध्य आशियातल्या डोंगराळ, कडक थंडीच्या भागातलं, त्याच्या कांद्याला सलग 12 ते 16 आठवडे साधारण 2 ते 9 अंशांची थंडी मिळाली तरच आतली कळी नीट लांब होऊन वर येते. श्रीनगरला दल सरोवराजवळच्या बागेत कांदे शरद ऋतूत जमिनीत जातात, अख्खा हिवाळा तिथेच काढतात आणि मार्चअखेर ते एप्रिलमध्ये फुलतात. तुमच्याकडे आलेले कांदे विकणाऱ्याने आधीच कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलेले असणार, ती थंडी कमी पडली की दांडा आखूड राहतो, तेच झालं. दिल्लीत शांतीपथावर जे ट्यूलिप दिसतात त्यांचेही बहुतेक कांदे नेदरलँड्सहून नवीन येतात, आणि दिल्लीची थंडी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त.

फ्रीजमध्ये ठेवून बघायचे असतील तर पानं पूर्ण वाळू द्या, मग कांदे काढून माती झटका, सावलीत सुकवा, आणि ऑगस्टअखेर कागदी पिशवीत घालून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, डिसेंबरात लावा. त्या कप्प्यात सफरचंद, केळी, पिकलेला पपई काही ठेवायचं नाही, पिकत्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि तो कांद्याच्या आतली कळी मारून टाकतो. चार महिने घरात सफरचंद बाहेर ठेवायला सगळे तयार आहेत का ते आधी विचारा. आणि एवढं करून पुढच्या वर्षी पानंच येतील अशी शक्यता जास्त, कारण फूल झाल्यावर कांद्याला गार हवेत महिना-दीड महिना हिरवी पानं लागतात परत भरायला, आपल्याकडे फेब्रुवारीच्या उन्हात ती आधीच करपतात आणि मोठ्या कांद्याची दोन-तीन बारकी पिल्लं होतात, ज्यांच्यात फुलायचा दम नसतो. मी असते तर ते कांदे कंपोस्टमध्ये टाकले असते.

त्याच पैशात लेकीला नर्सरीतून अमरेलिस लिलीचे दोन-तीन कांदे आणून द्या, लाल किंवा पांढऱ्यावर लाल रेघांचा. आत्ता लावला तर मार्च-एप्रिलमध्ये सरळ जाड दांडा येतो, पुष्कळदा पानांच्याही आधी, आणि त्यावर हाताच्या पंजाएवढी फुलं, ट्यूलिपला मागे टाकतील अशी. आठ इंची कुंडी पुरते, कांद्याचा वरचा तिसरा भाग मातीच्या वर राहिला पाहिजे, लावल्यावर एकदा पाणी आणि मग दांडा दिसेपर्यंत अगदी बेताने. जास्त हौस असेल तर सोबत फुटबॉल लिलीचा एक कांदा, तो एप्रिल-मेमध्ये लाल गोळा होऊन येतो, पण फूल झाल्यावर पानं वाळेपर्यंत तोडायची नाहीत आणि थंडीत ती कुंडी रिकामी दिसते म्हणून कोणी कोथिंबीर पेरणार नाही एवढं बघा, कांदा आत झोपलेला असतो आणि पाणी मिळालं की सडतो. कुंडीवर चिठ्ठी लावून ठेवा, मोठ्या अक्षरात.